गफूरच्या दुकानात कोणी मरत नव्हतं

गफूर, एक दिवस थांबला असतास तर तुझं काय बिघडलं असतं?

मी धुळ्याहून येत होतो. काखेत पुस्तक होतं, आणि तुला काय काय ऐकवायचं ते सगळ्या वाटेने तोंडातल्या तोंडात जुळवत आलो होतो. सारंगखेड्याला तापीला पाणी चढलेलं, म्हणून नावेत बसलो. नावेत तळोद्याकडचा एक घोड्यांचा दलाल होता. मला म्हणाला, "बाबा, तळोदाले जास का? गफूर जिल्दवाला रातले गया." मी म्हणालो, "तो कसा जाईल? माझं त्याच्याशी भांडण राहिलंय." नावेतली माणसं हसली. मी हसण्यासारखं काही बोललो नव्हतो.

दुपारच्या नमाजानंतर तुला नेलं. मी पोचलो तेव्हा तुमची माणसं निघत होती. कबरस्तानात सगळी जमीन ओली, पुस्तक ठेवायला कोरडी जागा नाही. म्हणून ते काखेतच दाबून धरलं आणि एका हाताने माती टाकली. तुझा मेव्हणा माझ्याकडे बघत राहिला. बघू दे. ते पुस्तक तुझ्या पुढ्यात आपटायला आणलं होतं आणि तू खाली जाऊन निजलास. माणसाने भांडणातून असं उठून जाऊ नये.

हे मी माझ्या हाताने लिहितो आहे. शाळामास्तर म्हणाले, "दगाजी, तुम्ही सांगा, मी लिहून देतो." मी नको म्हणालो. मास्तर ते शुद्ध करतील आणि मग तुला ओळखूच येणार नाही कोण बोलतंय.

तुझी माझी ओळख पोथीवरून झाली. बापाची पोथी होती, दोरा कुजून पानं सुटलेली. तळोद्याच्या बाजारात तू गोणपाटावर बसायचास, एका बाजूला खळीचं भांडं, एका बाजूला शिवणीची चौकट, शाळेच्या वह्या आणि कचेरीचे गठ्ठे बांधत. मी पोथी पुढे टाकली. तू हात लावला नाहीस. आधी उठून हातपाय धुऊन आलास, मग म्हणालास, "दगाभाऊ, पानं लावी दे. पहिलं कोणतं नि दुसरं कोणतं, ते तू सांग." आता मी काय सांगणार? दुसरीत असताना बापाने मला औतामागे घातलं ते घातलं. अक्षरं ओळखीची होती, पण गावातल्या माणसांसारखी, लांबून बघून मान हलवण्यापुरती. मी रागावलो. म्हणालो, "जिल्द बांधणारा तू का मी?" तू हसलास आणि म्हणालास, "बठ. दोन्ही मिळून लावू."

बाजार उठेपर्यंत आपण ती पानं लावली. घरी गेलो तेव्हा काही शब्द तोंडात फिरत होते. तेव्हापासून दर बाजाराला मी तुझ्याकडे बसू लागलो. माझी बायको लोकांना सांगायची, यांना त्या जिल्दवाल्याने काहीतरी खायला घातलंय.

पुस्तकं तू विकत नव्हतास. बांधायला आलेली आणि मालक परत न आलेली, कुणी टाकून दिलेली, वाळवी लागलेली, अशी सगळी तू नीट करून गोणपाटाच्या कडेला मांडायचास. वाचून परत आणायचं आणि येताना मूठभर गव्हाचं पीठ आणायचं, खळ शिजवायला. एवढंच. आणि कुणी विचारलं की चांगलं पुस्तक कोणतं, तर तू पुस्तकांकडे बघतच नव्हतास. माणसाकडे बघायचास आणि विचारायचास, "जीव कसा शे?"

मला पहिल्यांदा विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "रागात आहे." शेजाऱ्याशी बांधाचा दावा नुकताच लागला होता. तू एक मोठ्या टायपाचं पुस्तक दिलंस. दोन शेजारी आणि एक भोपळ्याचा वेल. मूळ याच्या परसात, भोपळा त्याच्या छपरावर. दोघं कोर्टात जातात, भोपळा तिकडे वाळून त्याचा तुंबा होतो, आणि शेवटी एक गोसावी तो तुंबा घेऊन निघून जातो. महिनाभर अक्षर अक्षर लावून वाचलं. शेवटाला असा हसलो की बायको चुलीपुढून उठून आली. मग लक्षात आलं की तू मला शिवी दिली आहेस. पुढच्या बाजाराला मी पीठ आणलं आणि दावाही चालू ठेवला. तू म्हणालास, "मानूस वाचस पन सुधरत नही." मी म्हणालो, "सुधरायला वाचत नाही मी."

हे मान्य करतो, गफूर. त्या एका पुस्तकाने मला म्हातारपणात नवे डोळे दिले. दुसऱ्या कुणी दिले असते तर मी घेतले नसते. बास, एवढं मान्य.

पण तुझं ते काम मला कधी पटलं नाही.

मला कळलं कसं, आठवतं? एका पुस्तकात एक म्हातारा शिपाई होता, मला फार आवडलेला. तो आजारी पडला, पोरं उशाशी बसली, त्याने पाणी मागितलं, आणि "मग त्याने हात वर करून" असं म्हणून पान संपलं. पुढे पुठ्ठा. मी पुस्तक उलटं केलं, झटकलं, घरात सगळ्यांना विचारलं कुणी पान फाडलं. पोरांना मारायला उठलो. बाजाराला तुझ्याकडे आलो तर तू खळ ढवळत होतास, तोंड वर न करता म्हणालास, "मीच काढं."

"का?"

"मरस तो. मन्हा दुकानमा कोणी मरत नही."

मग तू सगळं सांगितलंस, अगदी सरळपणे, जशी काही ती चोरीच नव्हती. ज्या पुस्तकाचा शेवट मरणाचा, त्याचा शेवटचा भाग तू शिवताना काढून ठेवतोस. मी म्हणालो, "मरणाचं एक पान असेल. एक पान काढ. एवढी जाडी कशाला काढतोस?" तू मला शिवण उघडून दाखवलीस. मोठा कागद घडी घालून मधोमध शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. त्यातलं एक पान ओढलं की त्याच्या जोडीचं पलीकडचं पान सुटं होतं, मग सगळाच फर्मा ढिला. म्हणून निघायचा तर फर्माच निघायचा.

"आणि काढलेल्याचं काय करतोस?"

"पुठ्ठा."

एकावर एक पानं खळीने चिकटवून, दाबाखाली वाळवून तू पुठ्ठे करायचास. म्हणजे तुझ्या पुस्तकांतली मेलेली माणसं पुस्तकांच्याच कातडीत पुरलेली. मी म्हणालो, "हे दुकान आहे का कबरस्तान?" तू म्हणालास, "दगाभाऊ, बाजारमा येनारा मानूस घरथीन काय कमी रडी येस का? त्याले आखो रडाले मी कसाले देऊ? उभारीचं देऊ."

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. माझं म्हणणं, लिहिणाऱ्याने मारलं तर मेला, तू कोण जिवंत ठेवणारा? ज्वारीचं कणीस अर्धं कापून आणून कुणी म्हणतं का, 'बघ, पीक वाचवलं'? तुझं म्हणणं, वाचणाऱ्याचा जीव मोठा, लिहिणाऱ्याचा नाही. तू हटला नाहीस, मी हटलो नाही. लोकांची करमणूक झाली. बाजारातला चणेवाला आपल्याकडे पाठ करून बसायचा, पण कान इकडे.

तोवर ठीक होतं. भांडण पुस्तकाचं होतं. जमनाचं झालं तेव्हा ते ठीक राहिलं नाही.

तुला माहीत आहे सगळं, पण मी लिहितो. माझी पोर जमना. ती चौथीपर्यंत शिकली ती तुझ्यामुळे. "आंडेरले शाळामा धाड, नहीतर मी तुले पुस्तक देनार नही," असं तू मला धमकावलं होतंस. तिचं लग्न झालं, पोरगा झाला, छगू. तिसऱ्या वर्षी तापाने गेला. सासरच्यांनी थोडे दिवस माहेरी पाठवली ती इथंच राहिली. आमच्याकडे गेलेल्या लेकराचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की जीव मागे ओढला जातो म्हणतात. घरात कोणी घेतलं नाही. मीही नाही. ती कामं करायची, जेवायची, निजायची. बोलायची नाही.

मी तुला सांगितलं. तू तिच्यासाठी एक पुस्तक काढलंस. जत्रेत एका बाईचं लेकरू हरवतं. ती वर्षानुवर्षं शोधत फिरते, गावोगाव, धर्मशाळांतून. जमनाने ते घेतलं. गफूर, खरं सांगतो, ती चुलीपुढे एका हाताने भाकरी उलटायची आणि एका हाताने पुस्तक धरायची. भाकरी करपल्या तरी मी बोललो नाही. मग शेवटाला आली आणि पुठ्ठा. ती तुझ्याकडे बाजाराला आली, पीठ घेऊन. "चाचा, पुढं काय व्हस?" आणि तू, माझ्यासमोर, सरळ तोंडाने सांगितलंस, "मियस बेटा. आंडोर मियस तिले."

पोरगा मिळतो.

ती घरी आली. दोन दिवसांनी विहिरीवरून येताना घागर ठेवली आणि मला म्हणाली, "आबा, तिले मिया. माले काबर नही? मी काय पाप करं?"

त्यानंतर तिने पुस्तकाला हात लावला नाही. कुठल्याच.

मी तुझ्याकडे आलो तेव्हा सगळा बाजार उभा राहिला होता, तुला आठवत असेल. मी म्हणालो, "तू माझ्या पोरीशी खोटं बोललास." तू म्हणालास, "मी उभारी दिधी." मी म्हणालो, "तुझ्या उभारीने तिला पापी केलं." तुझ्या हातातला ब्रश खाली पडला. तू तो उचललास, पुसलास, आणि एवढंच म्हणालास, "दुसरं पुस्तक देस तिले." दुसरं! मी पाठ फिरवली. तेव्हापासून बाजाराला यायचो, पण तुझ्या समोरच्या बाजूने.

त्या पुस्तकाचा खरा शेवट मला हवा होता. तो पोरगा मेला असेल तर मेला, तेच मला जमनाला सांगायचं होतं, की बाई, तिलाही मिळाला नाही, तू एकटी नाहीस. मी तुझ्या पुस्तकाचा पुठ्ठा घंगाळात भिजत घातला, म्हटलं पानं सुटतील. पानं कसली सुटतात! सकाळी घंगाळात राबडी झालेली, आणि वाळवी लागू नये म्हणून तू खळीत घालायचास त्या मोरचुदाचा निळसर रंग. इतकी पक्की खळ कशाला करायची माणसाने? त्या दिवशी तुझ्या कामाला मनातल्या मनात शाबासकी दिली आणि तोंडाने शिव्या.

मग धुळ्याची तारीख लागली. बांधाचाच दावा, अजून चालू आहे, हसू नकोस. कोर्टाबाहेर एकजण जुनी पुस्तकं मांडून बसतो. त्यात तेच पुस्तक. नाव वाचलं, आणि जाडीवरूनच कळलं की शेवट शाबूत आहे, तुझ्या पुस्तकापेक्षा जाड होतं. तिथंच कट्ट्यावर बसलो. पुकारा झाला तो ऐकलाच नाही, तारीख गेली. ते एक पान होतं, ज्याच्यापाशी तू थांबलास. बाईला एका गावात कळतं की तिचा पोरगा एका कुंभाराच्या घरी वाढला आणि तापाने गेला. एक पान. पण गफूर, त्याच्या पुढे अजून कितीतरी पानं होती!

ती बाई त्या कुंभारणीकडे जाते. कुंभारीण दार लावून घेते, तिला वाटतं ही भांडायला आली. बाई दारातच बसून राहते. शेवटी कुंभारीण दार उघडते आणि म्हणते, तो लहानपणी कसा होता गं? मला माहीत नाही. आणि ही म्हणते, मोठा झाल्यावर कसा होता? मला माहीत नाही. मग एक पहिली वर्षं सांगते, दुसरी पुढची. चाक थांबतं, भट्टी थंड होते, कुंभार उपाशी, आणि या दोघी सांगत बसतात. बाई त्याच गावात राहते. बास, असं संपतं.

कोर्टाच्या कट्ट्यावर मी म्हातारा रडलो. आणि मग मला जो संताप आला! हेच तर जमनाला पाहिजे होतं. हेच तू काढून पुठ्ठा केलास! उभारी, उभारी म्हणत होतास, ती तर तू कापलेल्यातच होती. तुला हे तोंडावर सांगायला मी निघालो आणि नावेत तो दलाल म्हणाला, गफूर गेला.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी आलो. हमीदाभाभी पडद्याआडूनच बोलल्या. मी म्हणालो, "भाभी, तुमचा नवरा वाचत होता का नुसता कापत होता?" त्या म्हणाल्या, "भाईसाब, वो तो मौत का पन्ना आया के किताब बंद करके उठ जाते थे. आगे कभी पढ़ा नहीं. मुन्नी गई तब से."

कोण मुन्नी?

इतकी वर्षं तुझ्या गोणपाटावर बसलो. तुझ्या खळीत पीठ घातलं, तुझ्या विडीतून ओढली. तुला एक पोर होती आणि ती गेली, हे मला तू मेल्यावर पडद्यामागून कळलं. मी तुला रोज विचारायला पाहिजे होतं का, जीव कसा शे? तू सगळ्या बाजाराला विचारायचास. तुला कोण विचारणार होतं? माझ्या तोंडात आलं नाही, हे खरं. पण तू तरी सांगायचंस! भोपळ्यावरून मला शिव्या द्यायला तोंड होतं, हे सांगायला नव्हतं? तुझ्यावर चिडावं की तुझ्यासाठी बसून रडावं, मला अजून ठरवता येत नाही. रोज सकाळी एक ठरवतो, संध्याकाळी दुसरं.

भाभींना मी विचारलं, कशी होती मुन्नी? त्या पडद्यामागे हसल्या की रडल्या, कळलं नाही. म्हणाल्या, "बहुत बकबक करती थी." मग सांगत राहिल्या. मी ऐकत राहिलो. तुझ्या घरातलं सांगतो तुला, तूही ऐक.

मग जमना. ती पुस्तक घेईना. म्हणाली, "माले माहीत शे शेवट." मी ओट्यावर बसलो आणि मोठ्याने वाचायला लागलो. ती मुगाच्या शेंगा सोलत होती, पाठ करून. माझं वाचन तुला माहीत आहे, काठी टेकत चालतो तसं. कुंभाराच्या घरापाशी आलो. पोरगा गेल्याचं वाचलं. तिच्या हातातल्या शेंगा थांबल्या. मला वाटलं आता उठून जाईल. मी घाबरून अजून अडखळलो, एकाच शब्दावर तीनदा गेलो, ओळ चुकलो, तीच ओळ पुन्हा वाचली.

"दे अठे आबा," ती म्हणाली. "तू वाचशी तवलोंग दिवाळी यी जाई."

आणि हातातून ओढून घेतलं. मुगाचे दाणे झटकले आणि वाचू लागली. मोठ्याने नाही, मनात. ओठ हलत होते. मी बघत बसलो. पान उलटलं, अजून उलटलं. ज्या पानावर दार उघडतं तिथं ती बराच वेळ थांबली. मग सगळं संपवलं, पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आबा, छगूले कारलं आवडे. तुले ठाऊक शे?"

"कारलं?"

"हां. कच्चंच चावे. तोंड वाकडं करे, नि आखो मांगे."

मला ठाऊक नव्हतं. मी त्याचा आजा, आणि मला ठाऊक नव्हतं. नाव ऐकून आतून तिची आई धावत आली, तिला गप्प करायला. मी हात वर करून बायकोला दारातच थांबवलं. म्हणालो, "बठ. ऐक." ती बसली. जमना बोलत राहिली. मूग तसेच पडून.

तुझी बाकीची पुस्तकं भाभींनी माझ्याकडे दिली आहेत. लोक येतात, विचारतात, चांगलं कोणतं, उभारीचं कोणतं. मी त्यांना सांगतो, यातल्या बऱ्याच पुस्तकांना शेवट नाही, तो हवा असेल तर दुसरीकडे शोधा. आणि ज्याला आहे त्याचं सांगतो, रडू येईल, पण पुस्तक मिटू नका, पुढं वाचा. पीठ घेतो. खळ कुणी करत नाही आता, भाभी त्या पिठाच्या रोट्या करतात.

तू बरोबर होतास असं मी लिहिणार नाही. मेलास म्हणून लिहिणार नाही. तू चांगला माणूस होतास आणि चुकलास, आणि हे तुझ्या तोंडावर सांगायची माझी संधी तू घेऊन गेलास. मला अजून खूप बोलायचं आहे. तुला एवढं पुस्तकांचं कळत होतं आणि एक पान उलटवलं नाहीस. एक पान, गफूर.

पण आता थांबतो. जमना ओट्यावर आली आहे. आज ती छगूच्या पहिल्या पावलाचं सांगणार आहे, आणि तिची आई आधीच जाऊन बसली आहे. तुझ्याशी भांडायला मला सध्या वेळ नाही.